खताचं पहिलं बक्षीस

आमच्या हिला पालिकेचं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसून जांभया देत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्या बक्षिसापायी मी जे खेटे घातले, ज्या टेबलांवर हात आपटले, ते ऐकून लोकांना वाटतं, काय प्रेमळ नवरा! कसला प्रेमळ? सगळं चालू होतं तेव्हा मी एका शब्दाने कौतुक केलं नव्हतं.

पालिका कुठली ते सांगणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, या तिन्ही गावांत मिळून माझा जन्म गेला. लग्नानंतर विठ्ठलवाडीची चाळ, नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात, सासुरवाडी कुळगावची. तिन्हीकडचे लोक म्हणतील, ही आमचीच पालिका. म्हणू देत.

स्पर्धा होती घरच्या घरी ओल्या कचऱ्याचं खत करण्याची. फक्त बायकांसाठी. पहिलं बक्षीस अकरा हजार. ही कुळगावच्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेली, उकिरडा कसा मुरतो ते तिला आईच्या हाताखाली कळलेलं. पण आम्ही राहतो फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, आणि बाल्कनी म्हणजे दोन माणसं उभी राहिली की भरते. तिथे ती निळा ड्रम ठेवणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. "घराचा उकिरडा करायचाय का?" मी ओरडलो. मी कारखान्यात तीस वर्षं क्वालिटीला होतो, माल नापास करणं हेच माझं काम. घरीही तेच करायचो. ती उल्हासनगरला एकटी गेली, एका सिंधी दुकानदाराशी घासाघीस करून ड्रम घेतला. हवेसाठी त्याला भोकं पाडायची होती. घरात ड्रिल मशीन होतं, मी हातात रिमोट धरून बसलो होतो. शेवटी त्या दुकानदारानेच भोकं पाडून दिली, वर "साईं, मॅडमला दहा रुपये कमी लाव" असं नोकराला सांगितलं. हे ती दोन दिवस हसून सांगत होती.

आणि वास आला नाही. एकदाही नाही. मी रोज नाक लावून बघायचो, चूक सापडेना, म्हणून आणखीच चिडायचो.

बक्षीस समारंभात तिला एक भलामोठा चेक दिला, पाटाएवढा, फोमचा. फोटो काढला. ती स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागली तसा एकाने तो तिच्या हातातून काढून घेतला, कारण दुसऱ्या बक्षिसालाही तोच वापरायचा होता, फक्त आकड्याचं स्टिकर बदलून. ही प्रमाणपत्र आणि तुळशीचं रोप घेऊन खाली आली. मी म्हणालो, "झालं? पुसली पानं तोंडाला?" ती म्हणाली, "असं काय बोलता? पैसे खात्यात येणार आहेत."

खात्यासाठी तिने फॉर्म भरला. विजेत्याच्या एकट्याच्या नावाचं खातं पाहिजे, अशी अट होती. छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्या एकटीच्या नावावर काहीच नव्हतं, आमचं सगळं जॉइंट. म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी तिने पहिल्यांदा स्वतःचं खातं उघडलं, हजार रुपये भरून. मी विचारलं, एवढ्या पैशांचं करणार काय? म्हणाली, "काही नाही करणार. नुसते ठेवणार." मी म्हणालो, नुसते ठेवायला जॉइंट खातं काय वाईट होतं? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर तोंडासमोर धरला.

महिन्याच्या दहा तारखेला ती बँकेत जाऊन पासबुक छापून आणायची. हजार रुपये आणि त्याच्यावरचं व्याज. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर ती मला काही सांगेनाशी झाली. पासबुक गादीखाली ठेवायची आणि स्वयंपाकाला लागायची.

घोडं कुठे अडलं होतं, ते मला पुढे कळलं. स्पर्धा झाली तेव्हा पालिकेत निवडून आलेले नगरसेवक नव्हतेच, प्रशासक होता. त्याने स्पर्धा जाहीर केली, बक्षिसं वाटली आणि त्याची बदली झाली. मग आरोग्य विभाग म्हणाला, स्पर्धा बायकांची, पैसे महिला-बालकल्याणच्या खात्यातून द्या. महिला-बालकल्याण म्हणालं, कचरा आमचा विषय नाही. लेखा विभाग म्हणाला, तुमचं काय ते ठरवा, आमच्या बजेटमध्ये बक्षीस नावाची ओळच नाही. झाली टोलवाटोलवी सुरू. अकरा हजार, सात हजार आणि पाच हजार. त्याहून जास्त तर समारंभाच्या मांडवाला घातले असतील.

पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर तिला ताप आला. साधा ताप म्हणून मी क्रोसिन दिली. आठ दिवसांत गेली. यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

मृत्यूचा दाखला पालिकेतच मिळतो, तळमजल्यावर, तीन नंबरच्या खिडकीत. दाखला हातात घेऊन मी उभा होतो आणि एकदम मला कोण संताप आला. मेल्याचा कागद दहा दिवसांत देता, आणि जिवंतपणी केलेल्या कामाचे पैसे दीड वर्ष देत नाही? महिनाभराने मी दुसऱ्या मजल्यावर लेखा विभागात गेलो. नागरिकांना मंगळवारी तीन ते पाच भेटतात. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखाच खेटे घालणारा एक म्हातारा ठेकेदार बसला होता. त्याने माझी सगळी हकीकत ऐकली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मयत झाल्याचं बोलू नका हां. बोललात की फाईल वारसाच्या टेबलावर जाते आणि तिथे ती बसते. माझ्या भावाची सहा वर्षं बसलीय."

म्हणून खोटं बोललो. हिशेब एवढाच होता की तिच्या खात्यात, तिच्या एकटीच्या नावावर, ते पैसे एकदा तरी जमा व्हावेत. बँकेलाही मी कळवलं नव्हतं. नंतर खातं बंद करा नाहीतर काय वाटेल ते करा. पण तिच्या पुस्तकात ती एक ओळ छापून येऊ दे.

टेबलावर नवीनच बदलून आलेली एक मुलगी होती, तिशीतली. तिने विचारलं, "विजेत्या कोण? त्या नाही आल्या?"

"मिसेस आहेत. बरं नाही तिला."

"अगंबाई. काळजी घ्या हां काका. मी बघते फाईल."

पुढच्या मंगळवारी मी दारात दिसलो आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "काकू कशा आहेत?"

आता काय सांगू? तीन-चार आठवडे माझ्यासमोर कुणी हिचा विषयच काढला नव्हता. शेजारी जिन्यात भेटले की मान खाली घालतात. मुलगी पुण्याला असते, रविवारी फोन करते, गोळी घेतली का, गॅस बंद केला का, इकडे कधी येताय. आईचं नाव ती काढत नाही, मीही काढत नाही, कारण काढलं की दोघांचं बोलणं बंद होतं. आणि इथे ही परकी पोर विचारत होती, कशा आहेत. मी म्हणालो, "बऱ्या आहेत. गुडघे दुखतात जरा."

गुडघे तिचे खरंच दुखायचे.

त्यानंतर मी दर मंगळवारी जायला लागलो. फाईल हलो न हलो. तळमजल्यावर ही मयत होती आणि दुसऱ्या मजल्यावर हयात, आणि मी मधला जिना चढत होतो. काही दिवसांनी मी नुसतं "बऱ्या आहेत" म्हणून थांबेनासा झालो. "आज थालीपिठं लावलीत तिने." "काल माहेरी गेली होती, कुळगावला." "माझ्यावर रागावलीय, चष्मा हरवला म्हणून." रविवारपासून मी मनात ठरवायचो, परवा काय सांगायचं. लाज वाटायची. तरी जायचो. मंगळवारचा शर्ट इस्त्री करायचो.

ती पोर पालेगावची. वडिलांची भातशेती होती, तिथे आता टॉवर आलेत आणि त्यातल्याच एका टॉवरात तिला फ्लॅट मिळालाय. "आम्ही अजून आमच्या शेतावरच राहतो काका," म्हणाली, "फक्त सात मजले वर." बाल्कनीत तिच्या कुंड्या आहेत. एकदा म्हणाली, "काकूंना विचाराल का? माझ्या कढीपत्त्यावर पांढरं पांढरं काहीतरी चिकटलंय."

मी घरी आलो आणि हिची वही शोधली. दुधाच्या हिशेबाची जुनी वही, मागच्या पानांवर तिने बाल्कनीतले सगळे उद्योग लिहून ठेवले होते. ती जिवंत असताना मी ती कधी उघडली नव्हती. पांढरी कीड, आंबट ताक पाण्यात घालून तीन दिवस फवारणे. ड्रममध्ये ओल जास्त झाली तर नारळाच्या शेंड्या टाकणे. एका ओळीत लिहिलं होतं, ह्यांना वास येत नाही, तरी रोज येऊन वास घेतात. ते वाचून मी त्या बाल्कनीतच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

मंगळवारी सांगितलं, "ती म्हणाली, आंबट ताक फवार."

तीन आठवड्यांनी त्या पोरीने वर्तमानपत्रात गुंडाळून मूठभर कढीपत्ता आणून दिला. "काकूंना द्या. म्हणावं तुमच्यामुळे वाचला." मी घेतला. नाही कसा म्हणणार? घरी येऊन आमटीला फोडणी घातली. डबा लावलाय मी, एका बाईंचा, त्यातली आमटी पाणचट असते. त्या दिवशी दोनदा वाढून घेतली.

मध्ये निवडणुका झाल्या. नवे लोक आले. मला वाटलं, आता सुटेल. कसचं काय! बजेटच्या सभेला मी प्रेक्षकांत जाऊन बसलो. दोन तास एका कारंज्यावरून मारामारी. एका बाजूचे म्हणाले, प्रशासकाच्या काळातला एकही रुपया आम्ही मंजूर करणार नाही, त्याने काय काय उधळलंय देव जाणे. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, तुम्ही बायकांच्या तोंडचा घास काढताय. इतकी वर्षं कुणाला या बायका आठवल्या नव्हत्या, पण भांडायला एकदम सगळ्यांना आठवल्या. मग एकाने थकीत बक्षिसांची यादीच वाचून दाखवली. त्यात हिचं नाव होतं. पूर्ण नाव, माझ्या नावासकट, आडनावासकट. माइकवरून.

माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या लोकांत तिचं नाव कुणी घेतलं ते शेवटचं कधी होतं? त्या स्टेजवरच.

तेवढ्यात समोरचा एक हसून म्हणाला, "केराला अकरा हजार? मग माझी बायको पण रोज कचरा काढते." आणि सगळे हसले. दोन्ही बाजूंचे. माझा ताबा सुटला. मी उभा राहून ओरडलो, "आधी तिच्यासारखं खत करून दाखव, मग हस!" सुरक्षारक्षकाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर पॅसेजमध्ये ती पोर उभी होती, हातात फायली. तिला हसू आवरेना. "काका, काकूंना सांगा हां हे. त्यांना आवडेल."

मी तिला म्हणालो, सांगतो.

सभा तहकूब झाली, मग पुन्हा भरली, पुन्हा तहकूब झाली. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी मी पोचलो तर ती पोर खुर्चीतून उठलीच. "काका, मंजूर! किरकोळ खर्चात घातलं एकदाचं. पण एकतीस मार्चच्या आत उचलायला हवं, नाहीतर रक्कम परत जाते. काकूंना घेऊन या पुढच्या मंगळवारी. पावतीवर सही केली की दोन दिवसांत खात्यात."

मी जिन्याकडे पाहिलं.

"येववत नाही का त्यांना? जिना आहे ना, गुडघे." ती जरा विचारात पडली. मग ड्रॉवरमधून पावती काढून माझ्यापुढे सरकवली. "असं करा, घरी न्या. सही घेऊन या. नियमात नाही बसत, पण मी आहे. एवढी वर्षं वाट पाहिली त्यांनी."

ती पावती मी चार दिवस टेबलावर ठेवली होती. वर छापलेलं, 'मी समक्ष हजर राहून बक्षिसाची रक्कम स्वीकारण्यास सहमत आहे.' खाली सहीची रेघ. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर बसलो. बँकेच्या फॉर्मच्या झेरॉक्सवर हिची सही होती, ती समोर ठेवली आणि वर्तमानपत्राच्या कडेला गिरवायला लागलो. आयुष्यात दुसऱ्याची सही मी केलेली नाही. कारखान्यात साहेबांनी दम दिला तरी तपासल्याशिवाय एका पेटीवर शिक्का मारला नाही. इथे मारायला निघालो होतो. पहिल्या तीन खेपा फसल्या. चौथ्या खेपेला हुबेहूब आली. तिचीच सही, तसंच शेवटचं अक्षर वर उचललेलं. आणि मला माझीच शिसारी आली. ड्रमला भोकं पाडायला हे हात उठले नाहीत, आता तिच्या नावाची सही करायला बरे चालतायत! आणि पकडलं गेलं तर त्या पोरीची नोकरी गेली असती. मी वर्तमानपत्र फाडून टाकलं. पावती कोरीच ठेवली.

महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी गेलो. मार्च एंड, सगळे ठेकेदार बिलं घेऊन उभे, रांग जिन्यापर्यंत. मला तास लागला. टेबलापाशी पोचलो तशी ती हसून म्हणाली, "आणली सही? काकू कशा आहेत?"

मी पावती ठेवली आणि तिच्यावर तीन नंबरच्या खिडकीतला दाखला ठेवला.

तिने वाचला. मग पुन्हा वाचला, तारखेवर बोट ठेवून.

"दोन वर्षं होऊन गेली," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे मी या टेबलावर आले त्याच्याआधी."

"महिनाभर आधी."

"आणि ताकाचं?"

"तिच्या वहीत होतं."

तिचे डोळे भरले, पण ती रागावली होती. "मी घरी सासूबाईंना सांगायचे, आमच्याकडे एक काका येतात, त्यांच्या काकू अशा, त्यांच्या काकू तशा. परवा त्यांच्यासाठी गुडघ्याचं तेल आणून ठेवलं मी. अशी कशी थट्टा केलीत हो माझी?"

"थट्टा नाही गं," मी म्हणालो. "दुसरं कुणी विचारत नव्हतं," एवढंच म्हणालो.

तिने डोळे पुसले, फाईल ओढली आणि ती कामाचं बोलायला लागली. आता वारसांचे कागद लागणार. मुलीचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र. एकतीसच्या आत काही होत नाही. रक्कम परत जाणार, पुढच्या बजेटात नव्याने मागणी टाकावी लागणार, आणि मिळाली तरी ती वारसाच्या खात्यात, म्हणजे माझ्या. हिच्या खात्यात आता काही येणार नाही.

"जाऊ दे परत," मी म्हणालो. पण आतून तुटलं काहीतरी. तिला नुसते ठेवायचे होते हो ते पैसे. एवढंच मागितलं होतं तिने.

पोरीने फाईलवर लाल शाईने लिहिलं, लाभार्थी मयत. खाली माझी सही घेतली. ती मी माझ्याच नावाची केली. फाईल बंद करून तिने बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि मी वळणार एवढ्यात तिने विचारलं, पहिल्यांदाच, इतक्या मंगळवारांत पहिल्यांदाच, माझ्याबद्दल.

"मग काका, घरी तुमच्या जेवणाचं कोण बघतं?"

डबा लावलाय, असं सांगायला मी तोंड उघडलं. आणि तोंडातून निघालं, "बघते की ती."

मागून एक ठेकेदार म्हणाला, "काका, झालं असेल तर सरका जरा पुढे, पाचला बंद होतं."

मी सरकलो.